कुंपणाबाहेरचा सीझन

टेक्सासमधल्या फ्रिस्को गावातल्या आमच्या घराला पहिली काही वर्षं शेजार असा नव्हताच. होते ते नुसते लाकडी सांगाडे. उजाडलं की खिळे ठोकायच्या मशीनींचा फटफट आवाज सुरू व्हायचा, दुपारी पार्किंगमधल्या झाडांवर काळे पक्षी गंजलेल्या बिजागरीसारखे ओरडायचे, आणि संध्याकाळी सगळं एकदम गप्प व्हायचं. उन्हाळ्यात इथली काळी चिकणमाती अशी भेगाळायची की पाया तडकू नये म्हणून घराच्या कडेकडेनं पाणी सोडावं लागे. बाबा ऑफिसातून आले की बाह्या सरसावून, पाइप घेऊन घराला प्रदक्षिणा घालायचे, आणि आई दारात उभी राहून हसायची, "लोक झाडांना पाणी घालतात, आमचे हे भिंतींना घालतात."

बाबा नागपूरचे, सॉफ्टवेअरमधले. आई कोल्हापूरची, फिजिओथेरपिस्ट. कोल्हापुरात तिच्या छोट्याशा दवाखान्यात पैलवान यायचे, शाळेतले खो-खोवाले यायचे, खांदे आणि गुडघे घेऊन. अमेरिकेत ती बाबांच्या व्हिसावर आली, म्हणजे कागदावर 'डिपेंडंट' झाली. नोकरी करायची परवानगी नाही. हा शब्द ती कधी मराठीत आणत नसे. कोणी विचारलंच, "वहिनी, तुम्ही काय करता?" तर ती "सध्या स्वयंपाक" म्हणायची, आणि विषय हालापिनो मिरच्यांवर न्यायची. त्या मिरच्यांचा ठेचा ती करायची. लसूण भरपूर, शेंगदाणे भरड, वरून लिंबू. बाबा त्याला "टेक्सासचा ठेचा" म्हणायचे आणि डोळे पुसत खायचे.

आमच्या घरात खेळ म्हणजे क्रिकेट. डिश बसवलेली होती ती त्यासाठीच. बाबा पहाटे आवाज बारीक करून मॅच लावायचे, आणि भिंतीपलीकडे मला झोपेत समालोचकाचा नुसता चढउतार ऐकू यायचा. बेसबॉल आमच्याकडे आला तो मैदानातून नाही, पेपरातून. आमच्या काउंटीचा पेपर प्लॅस्टिकच्या पिशवीतून अंगणात येऊन पडायचा. बाबांना त्यातली कूपनं हवी असायची, आईला हवामान. खेळाचं पान मला मिळायचं. शाळेत माझं इंग्रजी अडखळायचं, आणि मोठ्यानं वाच म्हणजे सुधारेल असं आईचं मत होतं, म्हणून मी ते पान ओट्याशी उभी राहून मोठ्यानं वाचायची. एके दिवशी वाचलेली बातमी एका कॅचरची होती. गावात एक लहान लीगची टीम होती, मोठ्या लीगमधून कधी बोलावणं येतंय याची वाट पाहणाऱ्या पोरांची. त्या कॅचरला मॅच चालू असतानाच निरोप आला होता की त्याला मुलगी झाली, आणि तरी तो शेवटपर्यंत उकिडवा बसून बॉल झेलत राहिला. कोण जिंकलं ते खाली कुठेतरी होतं. मला नियमातलं अक्षर कळत नव्हतं, पण तो माणूस कळला. आई कणीक मळायची थांबली आणि म्हणाली, "मग? गेला का घरी?" मी पुढचं वाचलं. गेला होता, बूटसुद्धा न बदलता. बातमीवर नाव होतं लोरेन पिकेट. त्यानंतर मी बेसबॉल शिकले ते लोरेन पिकेटला वाचता यावं म्हणून.

हायस्कूलमध्ये गेल्यावर कळलं की पेपर आठवड्यातून एकदा विद्यार्थ्यांनी लिहिलेलं पान छापतो. पैसे मिळत नसत, त्यामुळे व्हिसाचा प्रश्न नव्हता. बाबांनी तरी वकिलाला फोन करून खात्री केली. मी शाळेच्या टीमच्या बातम्या लिहायला लागले आणि त्या तपासायचं काम लोरेनकडे होतं. ती उंच, उन्हानं रापलेली, आवाज जाडा. टेक्सासच्या रिवाजाप्रमाणे मी तिला 'मिस लोरेन' म्हणायची. तिला 'केतकी' नीट जमेना, म्हणून मला नुसतं 'के'. माझ्या पहिल्याच बातमीत मी लिहिलं होतं की हरल्यावर मुलं निराश झाली. तिनं विचारलं, "कोण निराश झालं?"

"सगळे, मॅम."

"सगळ्यांना विचारलंस?"

"नाही. पण दिसतच होतं."

"दिसलं काय ते लिही. नाही तर जाऊन विचार. निराशा तुझ्या डोक्यातली आहे, ती मला नको."

तिची स्वतःची गोष्ट तिनं मला तुकड्यातुकड्यांनी सांगितली, बहुतेक टाको खाताना. तरुणपणी ती दुसऱ्या गावात मोठ्या टीमवर लिहायला गेली, तेव्हा मॅच संपल्यावर पुरुष पत्रकार खेळाडूंच्या खोलीत जायचे आणि हिला दारावरचा माणूस अडवायचा. ती बाहेर बोळात उभी राहायची. खेळाडू आंघोळ करून, केस विंचरून बाहेर येईपर्यंत आतल्या पुरुषांच्या बातम्या लिहूनही झालेल्या असायच्या. मग तिनं वाट पाहता पाहता दुसऱ्याच माणसांशी बोलायला सुरुवात केली. गवत कापणारा, बस चालवणारा, खेळाडूंच्या बायका. "घाईघाईचे प्रश्न त्यांनी विचारून टाकले होते," ती म्हणायची, "मला चांगले प्रश्न उरले." पुढे नियम बदलले, दारं उघडली. पण मोठ्या पेपरानं बेसबॉलचं काम तिला कधी पूर्णपणे दिलं नाही. नेहमी कुणाच्या तरी सुट्टीत. शेवटी ती या काउंटीत आली, जिथे पान लहान होतं पण तिचं होतं. आज मी स्वतः हे काम करते आणि रोज बॅज दाखवून ती दारं ओलांडते. दारावरचा माणूस मान वर करूनही पाहत नाही. त्याचं ते न पाहणं कुणीतरी बोळात उभं राहून कमावलेलं आहे, हे मला दर वेळी आठवतंच असं नाही. आठवायला हवं.

आता टायलरचं सांगते. तो माझ्याच वर्गात, रसायनशास्त्रात माझ्या पुढच्या बाकावर. आमच्या टीमचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, आणि नुसता पिचर नाही, गावाची आशा. त्याचा बॉल किती जोरात येतो ते बघायला कॉलेजांची माणसं यंत्रं घेऊन जाळीमागे बसायची. त्या वसंतातल्या एका शुक्रवारी संध्याकाळची मॅच होती. मला अजून गाडीचं लायसन्स नव्हतं, म्हणून आई सोडायला आली आणि चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन माझ्याशेजारी बसली. तिला स्कोअर कळत नसे. ती माणसं बघायची. मॅच अर्ध्यावर आली असेल, तिनं माझ्या मनगटाला हात लावला.

"केतकी, त्या पोराचा कोपर दुखतोय."

"कशावरून?"

"बघ ना, हात खांद्याच्या वर नेतच नाहीये. बाजूनं ओढून टाकतोय. आणि टाकून झालं की बोटं झटकतोय. मुंग्या येतायत त्याला."

मग मलाही दिसलं. कॅचर दोनदा धावत त्याच्याकडे गेला. इनिंग, म्हणजे मॅचमधल्या सात छोट्या डावांपैकी एक, संपली तेव्हा टायलर कोचजवळ जाऊन काहीतरी बोलला. कोचनं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि पुढच्या इनिंगला पुन्हा त्यालाच पाठवलं. त्याच्या पुढच्याही. आम्ही जिंकलो. लोक उभे राहून ओरडत होते, आणि टायलर टोपी डाव्या हातानं काढत होता. एरवी तो सगळं उजव्या हातानं करायचा.

मॅचनंतर मी त्याला गाठलं, नेहमीसारखं सांगितलं की पेपरसाठी विचारते आहे, आणि विचारलं, "हात कसा आहे?" त्यानं इकडेतिकडे पाहिलं नाही. सरळ म्हणाला, "पाचव्या इनिंगपासून दुखतोय. कोचला सांगितलं. ते म्हणाले, अजून थोडंच आहे, कळ काढ." मी विचारलं, हे छापू का? तो म्हणाला, छाप. कोच हॅलोरनना मी त्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, "आज आम्ही जिंकलो, ते लिही," आणि निघून गेले. मी दोघांचं लिहिलं. कोणावर दोष ठेवला नाही, विशेषण एकही वापरलं नाही. लोरेननं वाचलं, मला दोन प्रश्न विचारले, तसंच जाऊ दिलं.

बातमी छापली त्या दिवशी दुपारपर्यंत पेपरच्या ऑफिसात फोन येत होते. टीमला मदत करणाऱ्या पालकांचं एक मंडळ होतं, ते चिडलं. कोच म्हणाले, टायलर असं काही बोललाच नाही, मुलीला इंग्रजी नीट कळलं नसेल. आणि मग टायलरही तेच म्हणाला. संपादकांना फोनवर म्हणाला, की मी असं बोललो नाही. सोमवारी रसायनशास्त्रात तो माझ्या पुढे बसला आणि तासभर मागे वळला नाही. मला त्याची मान दिसत होती, लाल झालेली. जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलावरून मुली उठून गेल्या. कोणीतरी माझ्या लॉकरवर चिकटवलं होतं, 'इंग्रजी शीक'. मी ते काढलं आणि व्याकरण तपासलं, एवढं मात्र सांगते.

घरी त्याहून वाईट. आमच्या ग्रीन कार्डची फाइल तेव्हा कुठल्यातरी टप्प्यावर अडकलेली होती आणि बाबा दाराची बेल वाजली तरी दचकायचे. त्या पालकांच्या मंडळात बाबांच्या कंपनीतले एक मोठे साहेब होते. त्यात शनिवारी महाराष्ट्र मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम. श्रीखंड वाढता वाढता बाबांचे नागपूरकडचे मित्र देशपांडे काका यांनी बाबांना बाजूला घेतलं, पण आवाज काही बाजूला घेतला नाही. "अरे यार, पोरीला सांग, सॉरी म्हणून टाक. यांच्या फुटबॉल-बेसबॉलमध्ये आपण काहून पडायचं? मॅथ ऑलिम्पियाड कर म्हणावं." बाबांनी मान डोलावली. गाडीत बसल्यावर ते म्हणाले, "केतकी, एक ओळ लिहून दे. ऐकण्यात चूक झाली म्हण. संपलं."

"चूक झाली नाहीये, बाबा."

"मला माहितीये नाही झाली ते!" ते एकदम ओरडले. बाबा ओरडत नसत. "पण आपण इथे पाहुणे आहोत. अजून पाहुणेच आहोत. तुला कळतंय का?"

आई पुढच्या सीटवर होती. तिनं रेडिओ बंद केला. "मी इथे आल्यापासून पाहुणीच आहे," ती म्हणाली. "माझ्या हातातलं काम मी विमानतळावर ठेवून आले, तुमच्यासाठी, हिच्यासाठी. त्याबद्दल मी कधी बोलले नाही. पण त्या पोराचा कोपर मी पाहिला. दुखत होता. आता हिनं 'मला कळलं नाही' असं लिहायचं म्हणजे मलाही कळलं नाही असं होतं. मला कळतं. तेवढं एक तरी मला राहू दे." घर आलं. बाबांनी गाडी गॅरेजमध्ये लावली आणि इंजिन बंद करून तसेच बसून राहिले. मग माझ्याकडे न वळता म्हणाले, "संपादकांनी कधी बोलावलंय?"

मंगळवारी शाळा सुटल्यावर बोलावलं होतं. बाबा हाफ डे घेऊन आले, इस्त्रीचा निळा शर्ट घालून. संपादकांच्या काचेच्या खोलीत ते स्वतः, लोरेन, कोच हॅलोरन आणि आम्ही दोघं. संपादक वाईट माणूस नव्हते, दमलेले होते. पेपर आकसत चालला होता आणि पालकांच्या त्या मंडळातल्या निम्म्या लोकांची दुकानं पेपरात जाहिराती देत होती. त्यांनी माझ्यापुढे छापायचा खुलासा ठेवला. तीन ओळी. वार्ताहराच्या ऐकण्यात चूक झाली, आम्ही दिलगीर आहोत.

कोच शांतपणे म्हणाले, "बाळ, यात लाज नाही. दुसरी भाषा असली की होतं असं."

माझे कान तापले. मला भीती होती की तोंड उघडलं तर रडू येईल. मी लोरेनकडे पाहिलं. ती मदतीला आली नाही; हात बांधून बसली होती, मी काय करते ते बघत. तेव्हा मला तिचा राग आला. आज तेच मी शिकाऊ मुलांच्या बाबतीत करते.

"सर," मी संपादकांना म्हणाले, "तो म्हणाला, पाचव्या इनिंगपासून दुखतोय. मी विचारलं, हे छापू का? तो म्हणाला, छाप. मला इंग्रजी येतं. मी याच्यावर सही करणार नाही. तुम्हाला मला काढायचं असेल तर काढा, पण मग 'चूक झाली म्हणून' असं म्हणू नका."

संपादकांनी बाबांकडे पाहिलं, मोठ्या माणसानं काहीतरी शहाणपणाचं बोलावं म्हणून. बाबा घसा खाकरून म्हणाले, "माझी मुलगी घरी खोटं बोलते. पसारा आवरला म्हणते, आवरलेला नसतो. पण लिहिताना ती खोटं बोलत नाही. मी सगळ्या बातम्या वाचल्या आहेत." मला माहीतच नव्हतं की बाबा कूपनांच्या पुढे काही वाचतात.

तेव्हा लोरेन बोलली. "खुलासा छापायचा तर पानावरून माझं नाव काढा," एवढंच. संपादकांनी बराच वेळ डोळे चोळले. शेवटी ठरलं ते असं: खुलासा नाही. कोचचं म्हणणं पत्र म्हणून त्यांच्या नावानिशी छापायचं. आणि कोच म्हणाले, ठीक आहे, पण ही मुलगी यापुढे माझ्या मैदानात पाय ठेवणार नाही. वार्ताहरांची जागा नाही, बाकडी नाहीत, मुलांशी बोलणं नाही. मैदान शाळेचं आणि शब्द त्यांचा.

बाहेर पार्किंगमध्ये मी लोरेनला विचारलं, "आता?"

"कुंपणाच्या बाहेरचा रस्ता कोणाचा आहे?"

"गावाचा."

"मग?"

मग तो सीझन मी कुंपणाबाहेरून लिहिला. मैदानाच्या लांबच्या टोकाला, जाळीपलीकडे, फुटपाथवर आई आणि मी घडीच्या खुर्च्या टाकायचो. तिथून पिचरची पाठ दिसते, चेहरा दिसत नाही. सुरुवातीला मला वाटलं, काय लिहिणार? पण तिथून बाकी बरंच दिसतं. मागच्या मैदानातला मुलगा बॉल येण्याआधीच कुठल्या पायावर भार टाकतो ते दिसतं. हरणाऱ्या टीमचे आईबाप गाडीकडे जाताना काय बोलतात ते ऐकू येतं. बाहेरगावची टीम यायची त्यांच्या बसचा ड्रायव्हर आमच्याजवळ येऊन उभा राहायचा, आईच्या डब्यात हात घालायचा आणि मला सांगायचा की येताना बसमध्ये मुलं गप्प होती की गात होती. आमच्या शाळेतलं कोणी बोलत नसे, तेव्हा मी पाहुण्या टीमच्या मुलांना विचारायची. त्या बातम्या आधीच्यांपेक्षा चांगल्या होत्या. लोरेननं तसं म्हटलं नाही, पण तिची लाल पेन्सिल कमी फिरायला लागली. गाड्यांतून जाताना कोणी हॉर्न वाजवून ओरडायचे. आई त्यांना हात हलवून 'हॅलो' म्हणायची. तिला खरंच वाटायचं की ओळखीचे असतील, की ती मुद्दाम करायची, हे तिनं मला अजून सांगितलेलं नाही.

टायलर आणखी दोन मॅच खेळला. दुसरीत त्यानं एक बॉल टाकला आणि माउंडवरच, म्हणजे बॉल टाकतात त्या उंचवट्यावर, गुडघे टेकले. इतक्या लांबूनही आई उठून उभी राहिली आणि तिनं जाळी दोन्ही हातांनी धरली. त्या रविवारी आमच्या दारावर बेल वाजली. बाबा दचकले. टायलरची आई होती, हातात केळ्याचा केक, डोळे सुजलेले. कोपराचा अस्थिबंध फाटला होता, ऑपरेशन ठरलं होतं. ती म्हणाली, "त्यानं आम्हाला काहीच सांगितलं नव्हतं. तुमच्या मुलीच्या बातमीनंतर मी विचारलं, तर नाही म्हणाला. मी त्याचं खरं मानलं, कारण मला तेच हवं होतं." माझ्या आईनं तिला बसवलं, चहा दिला, आलं घालून. मग स्वतःचा कोपर वाकवून तिला दाखवलं की आत काय काय असतं, ऑपरेशननंतर कुठली घाई करायची नाही, डॉक्टरांना काय विचारायचं. ऐकता ऐकता टायलरची आई कागद मागून लिहून घ्यायला लागली. मी आईला मराठी सोडून एवढा वेळ बोलताना कधी ऐकलं नव्हतं. तिचा आवाज वेगळा होता, दवाखान्यातला. पुढे कागदपत्रं आल्यावर तिनं इथल्या परीक्षा दिल्या आणि काम सुरू केलं, पण माझ्यापुरती ती परत कामाला लागली ती त्या रविवारी.

सीझनच्या शेवटच्या मॅचला ऊन कडक होतं. चौथी इनिंग चालू असताना टायलर बाकावरून उठला. हात गळ्यात अडकवलेला. कोच हॅलोरन बघत होते. तो मैदानाच्या कडेकडेनं पूर्ण लांबी चालत आला, आमच्या जाळीपाशी थांबला. आईनं त्याच्यापुढे जाळीतून चिवडा धरला. त्यानं डाव्या हातानं घेतला. आम्ही थोडा वेळ मॅच पाहिली.

"तू अजून पेपरसाठी लिहितेस?" त्यानं विचारलं.

"हो."

"मग लिही. पुढच्या वर्षी मी पिचिंग करणार नाही. कदाचित कधीच नाही. आणि त्या शुक्रवारी हात दुखत होता, मी तेव्हा सांगितलं होतं." त्यानं घास गिळला. "आणि हे मी म्हणालो असं लिही. माझं नाव घाल."

"छापू?"

"छाप," तो म्हणाला, आणि तिथेच उभा राहिला, मी सगळं उतरवून घेऊन त्याला परत वाचून दाखवीपर्यंत.